हीटरचा पंखा मनात आलं तर फिरतो, नाही तर नाही. मोटार बदलू का?

परभणीचा_पाव्हणा | 9 डिसेंबर, रात्री 9:10

रामराम मंडळी. गाडी दहा वर्षांची, पेट्रोल, 96 हजार फिरलेली. रोज परभणी–नांदेड जाणं-येणं, पहाटे साडेपाचला घर सोडतो. थंडी पडली आणि हीटरच्या पंख्याचे नखरे सुरू झाले. कधी बटण फिरवलं की लगेच फिरतो, कधी ढिम्म हलत नाही. खड्डा बसला की चालू, पुढचा खड्डा बसला की बंद. 1 नंबरवर ठेवला तर वसमतपर्यंत नेतो. 4 वर ठेवला की दहा-पंधरा मिनिटांत राम म्हणतो. एकदा बंद पडला की चारही नंबर बंद. काचेवर वाफ धरते, मग एका हातात स्टीअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं.

माझ्यासोबत एक सर येतात, डाव्या सीटवर बसतात. एक दिवस वैतागून त्यांनी समोरच्या खणाखाली बूट आपटला आणि पंखा सुरू झाला! तेव्हापासून ती ड्युटी त्यांच्याकडे.

फ्यूज काढून बघितला, चांगला आहे. एका गॅरेजवाल्याने काही न उघडताच 'मोटार गेली' सांगितलं. मोटारीचे 2,800, मजुरी वेगळी. दुसरा म्हणतो अख्खा डॅश उतरवावा लागेल, गाडी दोन दिवस सोडा. बाकी गाडी टकाटक आहे. टेपचं घड्याळ तेवढं सारखं 12 वर येतं, ते लावायचं मी सोडून दिलंय.

जाणकारांनी सांगा, मोटार घेऊ का थांबू?

निजामकालीन | 9 डिसेंबर, रात्री 9:24

मराठवाड्यात हीटर?? काय बोलता मियाँ! इकडे संभाजीनगरात मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात लावली तर स्टीअरिंगवर पापड भाजतो. आमच्या गाडीचा तो लाल पट्टा कंपनीतून आला तेव्हापासून कुणी फिरवलेला नाही.

हळदीचं_पान | 9 डिसेंबर, रात्री 9:31

@निजामकालीन, डिसेंबरात पहाटे पाचला एकदा परभणीला या. कृषी विद्यापीठाचा पारा दरवर्षी पेपरात पहिल्या पानावर उगाच येत नाही. आमच्या वसमतकडे तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीचे, उसाचे भिजवलेले फड. धुकं असं बसतं की पुढच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसेल तर ऊस थेट बोनटवर. काच साफ दिसणं ही चैन नाही.

निजामकालीन | 9 डिसेंबर, रात्री 9:33

माफी असावी. पापड मागे घेतो.

गंजगोलाई | 9 डिसेंबर, रात्री 9:50

लातूरहून लिहितोय. माझ्या गाडीला दोन वर्षांमागं असंच झालं होतं, पण थोडा फरक आहे बगा. माझ्याकडं 1, 2, 3 बंद आणि 4 व्यवस्थित चालायचा. तो रेझिस्टर (पंख्याचा करंट कमी करणारा तुकडा) निघाला. साध्या गोल बटणाच्या गाडीत 1 ते 3 ला करंट रेझिस्टरमधून जातो, 4 ला रेझिस्टर सोडून सरळ. म्हणून 4 चालतोय आणि बाकीचे बंद असतील तर डोळे झाकून रेझिस्टर बघायचा. सहाशे रुपयांत काम झालं, दोन स्क्रू काढले की हातात येतो.

तुमचे चारही एकदम जातात म्हणजे रेझिस्टर सुटला. आता मोटार, बटण, रिले, नाहीतर वायर. (ऑटो एसीवाल्या गाडीत रेझिस्टरच्या जागी मॉड्यूल असतं, तिथं हा हिशोब लागत नाही.)

कापूसकोंड्या | 9 डिसेंबर, रात्री 10:02

कामून एवढं डोकं लावायलात? बॅटरीवरून सरळ दोन वायरी ओढा, मधात घरातलं फॅनचं बटण बसवा, झालं. आमच्या दाजीनं तीन वर्षांपासून तसंच ठेवलंय. फ्यूज सारखा उडायला लागला होता, तर त्यात तांब्याची तार घातली. आता उडत नाही.

वायरमन_काका | 9 डिसेंबर, रात्री 10:20

@कापूसकोंड्या, दाजींना सांगा गाडी घराला चिकटून लावू नका. फ्यूज मोटार वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. तांब्याची तार घातली म्हणजे आता फ्यूजचं काम डॅशमागची वायर करणार. ती वितळेल तेव्हा आवाज येणार नाही, आधी वास येईल. हा पंखा 4 नंबरवर साधारण 15 अँपिअर, काही गाड्यांत त्याहून जास्त ओढतो. घरातलं बटण बनवलंय अर्धा अँपिअरही न ओढणाऱ्या सीलिंग फॅनसाठी.

कापूसकोंड्या | 9 डिसेंबर, रात्री 10:26

दाजींना फोन केला. ते म्हणले वास येतोय खरा, पण मला वाटलं बायकोच्या अगरबत्तीचा.

गोदाकाठ | 10 डिसेंबर, सकाळी 7:15

पाव्हणे, माझं मत सरळ मोटारीचे कार्बन. बुटानं ठोकलं की चालू होणं ही कार्बनची जुनी खूण आहे. मोटारीत दोन कार्बन स्प्रिंगने दाबून बसवलेले असतात. ते झिजून आखूड झाले की तांब्याच्या पट्ट्यांना नीट टेकत नाहीत. एखाद्या जागी पंखा थांबला की टेकणं सुटतं, ठोकलं की परत टेकतात. 96 हजार किलोमीटरला कार्बन संपले तर नवल नाही.

आणि मोटार काढाच एकदा. मी माझी काढली होती तेव्हा काय निघालं सांगतो. आमची जमीन उमरी भागात, कापसाच्या गाड्या आमच्या पुढंमागं कायम. पिंजऱ्याच्या आकाराचं ते प्लॅस्टिकचं चाक असतं ना, त्याच्या पात्यापात्यात सरकीचे तंतू अडकून नमदा झालेला. बोटानं ओढला तर टोपीच्या अस्तरासारखा अख्खा निघाला. मधोमध एक वाळलेला सरडा, शेपटी शाबूत. बायको म्हणाली, दोन वर्षं आपण याच्यावरून आलेली हवा खाल्ली.

एसीचा फिल्टर पण बघा. तो तुंबला की मोटारीवर लोड येतो आणि ती जळते.

वायरमन_काका | 10 डिसेंबर, सकाळी 8:05

@गोदाकाठ, सरड्याबद्दल सहानुभूती, पण फिल्टरचं जरा उलटं आहे. या चाकाला हवा कमी मिळाली की मोटारीचं काम कमी होतं, वाढत नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर हात ठेवून बघा, आवाज चढतो. मोटार मोकळी होऊन जोरात पळते. नुकसान दुसऱ्या बाजूने होतं. मोटार आणि रेझिस्टर दोन्ही त्याच वाऱ्यावर थंड राहतात. वारा आटला की रेझिस्टर तापून जातो. म्हणजे फिल्टर बदला हे बरोबर, कारण वेगळं.

आता पाव्हण्यांचं. ठोकून चालू होतो म्हणून कार्बन, हे मी पण वीस वर्षांपूर्वी म्हणायचो. पण बूट आपटल्यावर एकटी मोटार हलत नाही. तिचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) हलतो, शेजारची वायरिंग हलते, पत्र्यावरचे अर्थचे, म्हणजे वीज बॅटरीच्या मायनसला परत जायच्या वाटेचे, बोल्ट हलतात. ठोकण्याने एवढंच कळतं की कुठेतरी टेकणं सुटतंय. कुठे ते कळत नाही.

ते मीटरने कळतं, पण पंखा बंद असताना. लोक नेमकं उलटं करतात. पंखा चालू असताना गॅरेजात जातात, तिथे सगळं ठीक निघतं, मग अंदाजाने मोटार बदलतात. तीनशे-चारशेचा साधा मल्टिमीटर गाडीत ठेवा आणि बंद पडेल त्या क्षणी गाडी बाजूला घ्या.

मोटार खणाच्या खाली असते, तिला दोन वायरींचा कपलर. कपलर काढायचा नाही! काढून मोजलं की करंट वाहत नाही, मग सडक्या जोडावरही 12 व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो. कपलर लावलेलाच ठेवून मागून दोन्ही वायरींच्या पिनेला एकेक टाचणी खुपसा. मीटरची काळी वायर मोटारीच्या दुसऱ्या पिनेवर नको, ती पत्र्याच्या चांगल्या बोल्टवर किंवा बॅटरीच्या मायनसवर धरा. बटण 4 वर. आता लाल वायरीने दोन्ही टाचण्या एकेक करून बघा:

दोन्हीवर शून्य आलं तर मोटारीपर्यंत वीज येतच नाही. रिले, फ्यूजची खाच, पुढची वायर.
एकीवर 12, दुसरीवर शून्य आलं तर वीज येते, जायची वाट मोकळी आहे, तरी मोटार फिरत नाही. मग गोदाकाठांचे कार्बन. घ्या मोटार.
दोन्हीवर 12 आलं तर वीज मोटारीतून पार होऊन पलीकडे अडकून बसली आहे. अर्थ सुटलाय. मोटारीला हात लावायचा नाही.

बऱ्याच गाड्यांत पंख्याचं बटण आणि रेझिस्टर अर्थच्या बाजूला असतात, म्हणून ही तिसरी शक्यता लोक समजतात त्यापेक्षा जास्त वेळा निघते.

मुक्काम_पुणे | 10 डिसेंबर, सकाळी 10:40

मूळ बीडचा, पोटासाठी पुण्यात. काकांची पोस्ट सेव्ह केली.

एक बाळबोध प्रश्न: हीटर लावला की पेट्रोल जास्त जातं का? आमचे शेजारी थंडीत कुडकुडत गाडी चालवतात पण हीटर लावत नाहीत.

गंजगोलाई | 10 डिसेंबर, सकाळी 11:02

@मुक्काम_पुणे, नाही. इंजिन थंड ठेवणारं जे गरम पाणी असतं तेच डॅशमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवतात, पंखा त्याच्यावरून हवा ढकलतो. ती उष्णता तशीही वायाच जाणार असते. पंख्याच्या विजेपुरतं काय ते जातं. शेजाऱ्यांना म्हणावं, अंगावरची शाल काढा.

काचेवरच्या वाफेला मात्र हीटरसोबत एसी पण लावा, आणि बाहेरची हवा घ्यायचा खटका उघडा. एसी हवेतली ओल काढतो, हीटर ती गरम करतो, काच दोन मिनिटांत साफ. यात थोडं पेट्रोल जातं. पण फडक्यापेक्षा परवडतं.

निजामकालीन | 10 डिसेंबर, सकाळी 11:10

थंडीत एसी, गर्मीत हीटर. मी या धाग्यावर येऊन बिघडलोय.

परभणीचा_पाव्हणा | 10 डिसेंबर, रात्री 8:45

काका, दंडवत. मीटर घेतला, 350 रुपये. टाचण्या बायकोच्या डब्यातून. आज मेला पंखा जातायेता एकदाही बंद पडला नाही! सर बूट चढवून तयार बसले होते, बिचारे हिरमुसले.

वायरमन_काका | 10 डिसेंबर, रात्री 8:58

अपेक्षितच. डॉक्टरकडे गेलं की ताप उतरतो. सारखा 4 वर ठेवा, मुद्दाम.

हळदीचं_पान | 10 डिसेंबर, रात्री 9:30

मला गाडीतलं काही कळत नाही, पण धागा पहिल्यापासून वाचला. पाव्हण्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये एक गोष्ट सांगितली आणि कुणी तिच्याकडे बघितलंच नाही. टेपचं घड्याळ सारखं 12 वर येतं. आमच्या घरी लाइट गेली की मायक्रोवेव्हचं घड्याळ असंच करतं. मग टेपची पण लाइट जाते का? आणि पंखा बंद पडतो त्याच दिवशी जाते का?

गोदाकाठ | 10 डिसेंबर, रात्री 9:36

टेपचा आणि पंख्याचा काय संबंध ताई? टेपचा फ्यूज वेगळा.

वायरमन_काका | 10 डिसेंबर, रात्री 9:41

थांबा, थांबा. फ्यूज वेगळे असतील, पण अर्थ एक असू शकतो! मी एवढी मोठी पोस्ट लिहिली आणि ती ओळ मलाच दिसली नाही. ताई, शाब्बास.

पाव्हणे, एकच सांगा. टेप कंपनीचा आहे का नंतर बसवलाय?

परभणीचा_पाव्हणा | 10 डिसेंबर, रात्री 9:55

बाहेरून बसवलाय. यंदा दिवाळीच्या पाडव्याला, टचस्क्रीनवाला. पोरं मागे लागली होती.

…आणि आता लिहिताना लक्षात आलं, पंख्याचा त्रास त्याच्यानंतरचाच आहे. मी आपला थंडीच्या नावाने बोटं मोडतोय.

कापूसकोंड्या | 10 डिसेंबर, रात्री 9:57

म्हणजे पाडव्यालाच बारा वाजले होते!

गोदाकाठ | 10 डिसेंबर, रात्री 10:15

मी अजून कार्बनवरच आहे. चहाची पैज.

परभणीचा_पाव्हणा | 12 डिसेंबर, रात्री 9:20

सविस्तर लिहितो, तुमचा हक्कच आहे.

आज पहाटे झिरो फाट्याच्या अलीकडे, सहा-साडेसहाला, 4 नंबरवर असताना पंखा गेला. आधी टेपकडे बघितलं. स्क्रीन काळी, मग कंपनीचं चित्र, मग घड्याळ 12:00! अंगावर काटा आला राव. सर बूट उचलणार तेवढ्यात ओरडलो, 'सर, हात लावू नका, आय मीन पाय लावू नका!' फाट्यावर चहाच्या टपरीसमोर गाडी घेतली. इंजिन चालूच. सरांनी मोबाइलचा उजेड धरला, मी पायाखालच्या मॅटवर आडवा. टपरीवाला विचारतो, 'काय हरवलं गुरुजी?'

एका टाचणीवर 13.9. दुसरीवर 13.8! काकांची तिसरी शक्यता.

दुपारी एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याला मोटार बघा असं म्हटलंच नाही, टेपचा अर्थ कुठे घेतलाय तेवढं शोधा म्हटलं. डॅशच्या खाली, मधल्या कन्सोलच्या बाजूला पत्र्यावर एक बोल्ट आहे, कंपनीचा. पंख्याच्या बटणाची काळी वायर तिथेच येते. टेप बसवणाऱ्याने तोच बोल्ट ढिला करून आपलं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) त्याखाली सरकवलेलं आणि पुन्हा नुसता बोटांनी फिरवलेला. पान्हा लागलेलाच नव्हता. बोल्ट मी चिमटीत धरून फिरवला, फिरला. थिंबल निळं-काळं पडलेलं, पंख्याच्या वायरीचं कव्हर शेवटच्या इंचभर तपकिरी होऊन तडकलेलं. नखाने दाबलं तर बिस्किटासारखा तुकडा पडला.

इलेक्ट्रिशियनने जळालेला इंच कापून नवं थिंबल दाबलं, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, पंख्याचा अर्थ एकटा त्या बोल्टवर ठेवला, टेपला दुसरी जागा दिली. 150 रुपये. संध्याकाळी येताना पूर्ण रस्ता 4 वर. पंखा चालू असताना त्या दुसऱ्या टाचणीवर आता 0.1 पण येत नाही.

गंजगोलाई | 12 डिसेंबर, रात्री 9:34

जबरी! पण 1 वर टिकायचा आणि 4 वर जायचा, ते काय ते?

वायरमन_काका | 12 डिसेंबर, रात्री 9:52

हिशोब सोपा आहे. ढिल्या जोडात समजा एक दशांश ओहमचा अडथळा. 4 नंबरचे 15 अँपिअर त्यातून गेले तर 15 गुणिले 15 गुणिले 0.1, म्हणजे साडेबावीस वॉट. गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब 21 वॉटचा असतो. म्हणजे त्या बोल्टखाली इंडिकेटरचा बल्ब सतत जळत ठेवल्यासारखं. त्याने थिंबल तापणार, काळं पडणार, अडथळा अजून वाढणार. 1 नंबरवर करंट चारच्या आसपास धरा, मग दीड वॉट फक्त. त्यावर जोड तग धरतो.

उन्हाळ्यापर्यंत असंच चाललं असतं तर एसीला पंखा दिवसभर 3-4 वर, आणि त्या तडकलेल्या वायरीशेजारी कार्पेट. मला त्या टेप बसवणाऱ्याचा राग येतो. एक पान्ह्याचा वेढा, दहा सेकंदांचं काम.

गोदाकाठ | 12 डिसेंबर, रात्री 10:01

पैज हरलो. चहा पाजतो, झिरो फाट्यावरच या.

तरी पाव्हणे, मोटारीचं चाक काढून एकदा बघाच. सरड्यासाठी तरी.

हळदीचं_पान | 12 डिसेंबर, रात्री 10:08

चहा मला पण. मायक्रोवेव्हला बिस्किट.

मुक्काम_पुणे | 13 डिसेंबर, सकाळी 9:15

माझ्या गाडीत पंखा ठीक आहे, पण इंडिकेटर दिला की टेपचा आवाज 'टिक टिक' करतो. टेप बाहेरूनच बसवलेला. हे पण अर्थचंच का?

वायरमन_काका | 13 डिसेंबर, सकाळी 9:40

बहुतेक. मीटर घ्या, टाचण्या घ्या, नवीन धागा काढा.

कापूसकोंड्या | 13 डिसेंबर, सकाळी 10:12

दाजींनी काल रात्री तांब्याची तार काढून फ्यूज बसवला. आज सकाळी फ्यूज उडाला. तीनदा बसवला, तीनदा उडाला. ते विचारायलेत, मोटार बदलू का?